कौत्साचे ऋण

आज विजयादशमी. साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. दारोदारी झेंडूची तोरणे लागली असतील, पाटीवर सरस्वती रेखाटून तिच्यापुढे पुस्तके मांडली गेली असतील. खंडेनवमीला शेतकऱ्याने नांगर, सुताराने वाकस, गवंड्याने थापी आणि ओळंबा पुजला. शहरातील घरांतून अलीकडे संगणकालाही हळदकुंकू वाहिले जाते. काहींना याचे हसू येते. आम्हांस येत नाही. ज्या साधनावर आपले पोट चालते त्या साधनाचे वर्षातून एकदा तरी कृतज्ञतेने स्मरण करावे, हाच या पूजेचा अर्थ आहे आणि तो संगणकालाही तितकाच लागू आहे. प्रश्न उरतो तो इतकाच की, पूजेनंतर हे हत्यार कोणाच्या कामी येणार?

या प्रश्नाचे उत्तर दसऱ्याच्याच एका कथेत दडलेले आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स चौदा विद्या शिकून तयार झाला आणि गुरुदक्षिणा काय देऊ, असे विचारू लागला. गुरूंना काहीच नको होते. परंतु शिष्याचा हट्ट सुटेना, तेव्हा त्यांनी चौदा विद्यांच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. कौत्स रघुराजाकडे गेला. विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेल्या राजापाशी मातीच्या पात्राखेरीज काही उरले नव्हते. त्याने कुबेरावर चाल करण्याचे ठरविले आणि कुबेराने रातोरात सोन्याचा पाऊस पाडला. कौत्साने आपल्या ऋणापुरते चौदा कोटी मोजून घेतले. एक मुद्राही अधिक घेतली नाही. उरलेले सोने, लोककथा सांगते त्याप्रमाणे, आपट्याच्या झाडाखाली लोकांसाठी ठेवण्यात आले. आज आपण आपट्याचे पान ‘सोने’ म्हणून देतो, ते या कथेच्या आधारे.

या कथेतील सोन्याचे कौतुक फार झाले. कौत्साचे मात्र व्हावे तितके झाले नाही. शिक्षण पुरे करून जगात पाऊल टाकणारा हा तरुण आपल्याला काय मिळणार, हा प्रश्न विचारीत नाही. आपण काय देणे लागतो, असे विचारतो. आजचा अभियंता, वास्तुविशारद, वकील, सनदी लेखापाल, संगणकतज्ज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ हे सारे एका अर्थाने कौत्सच होत. त्यांच्या विद्येमागे केवळ आईबापांचा पैसा नाही. ज्या सह्याद्रीने पाणी दिले, ज्या भाषेने विचार दिला, ज्या अनाम पाथरवटांनी लेणी, बारवा आणि गडकोट उभे करून या प्रदेशाला ओळख दिली, ते सारेच त्यांचे गुरू आहेत. वरतंतूंप्रमाणे हे गुरूही काही मागत नाहीत. म्हणूनच त्यांचे ऋण विसरणे सोपे जाते.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी हा बारावा. त्यापूर्वी २०१२ साली पश्चिम घाटाची नोंद नैसर्गिक वारसा म्हणून झाली, त्यात आपल्याकडील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांचा समावेश आहे. म्हणजे ज्या डोंगररांगेच्या माथ्यावर गड आहेत तिच्या कुशीतील अरण्यालाही जगाने मान दिला. अभिमानाने ऊर भरून यावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु मान मिळणे वेगळे आणि जतन होणे वेगळे. यादीत नाव आल्याने बुरुजाच्या सांध्यात रुजलेला पिंपळ आपोआप उपटला जात नाही, की तुंबलेले पाणी वाहू लागत नाही. आणि ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नाही अशा हजारो दीपमाळा, बारवा, वीरगळ आणि देवराया यांचे काय?

आपला तरुण या बाबतीत उदासीन आहे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. सुटीच्या दिवशी गडावर जाऊन प्लास्टिक गोळा करणारी, टाक्यातील गाळ उपसणारी, दरीत पडलेली तोफ दोरखंड लावून वर आणणारी मुलेमुली आम्ही पाहिली आहेत आणि त्यांच्यापुढे आमचे मस्तक नम्र होते. आमचे म्हणणे निराळे आहे. हा तरुण गडावर येतो तो आपला घाम घेऊन. आपली विद्या तो कचेरीतच ठेवून येतो. पांडवांनी अज्ञातवासाला जाताना आपली शस्त्रे शमीच्या ढोलीत ठेवली होती, तसेच हे झाले. फरक इतकाच की पांडवांनी वर्ष सरताच ती खाली काढली. आपली शस्त्रे मात्र वर्षानुवर्षे शमीवरच टांगलेली आहेत. वारशाच्या रक्षणासाठी आज तरुणांच्या फावल्या वेळाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, त्यांच्या व्यवसायज्ञानाची गरज आहे.

हे आम्ही का म्हणतो, त्याचे एक उदाहरण सांगतो. आमच्या पाहण्यातील एका गावी काळ्या दगडाचे जुने शिवमंदिर आहे. गावची मुले शिकून पुण्यामुंबईला लागली, चार पैसे हाती आले, तेव्हा त्यांनी वर्गणी काढून देवळाचा जीर्णोद्धार करविला. हेतू निर्मळ होता, भक्ती खरी होती. सांध्यांत सिमेंट भरले, आतून गिलावा केला, जमिनीला गुळगुळीत फरश्या बसविल्या, दीपमाळेला आणि नंदीला तैलरंग फासला. दोन पावसाळे उलटले आणि गाभाऱ्याच्या भिंती पाझरू लागल्या. रंगाचे पोपडे सुटले, त्यांबरोबर जुन्या कोरीव कामाचा वरचा थरही सुटला. वर्गणीदारांच्या यादीत तीन स्थापत्य अभियंते होते. तिघांनी पैसे दिले. पण प्रश्न एकानेही विचारला नाही. देवळाच्या कामात आपली विद्या चालवावी, हे त्यांच्या मनातच आले नाही. आम्हीही त्या वर्गणीत पैसे घातले होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

त्या देवळाचे असे का झाले? जुने बांधकाम चुन्याचे असते. घाणीत मळलेल्या चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी असे पदार्थ घालीत. असा चुना सावकाश घट्ट होतो, किंचित लवचिक राहतो आणि मुख्य म्हणजे भिंतीच्या पोटातील ओल बाहेर पडू देतो. सिमेंट कठीण असते; ते ओल कोंडून धरते. कोंडलेले पाणी मग दगडातून आणि उरल्यासुरल्या चुन्यातून वाट काढते, त्यातील क्षार पृष्ठभागाशी येऊन स्फटिक धरतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. जे पक्के करायला गेलो तेच पोखरले जाते. निसर्गाच्या बाबतीतही नेमके असेच घडते. उघडा कातळसडा दिसला की उत्साही मंडळींना तेथे झाडे लावण्याची इच्छा होते. परंतु ‘ओसाड’ दिसणाऱ्या या पठारावर बोटभर मातीत पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती एक अद्भुत सृष्टी अवतरते. सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या इवल्या कीटकभक्षी वनस्पती तेथेच वाढतात. त्यांना उघडे ऊन आणि पातळ माती हवी असते. बाहेरून आणलेल्या झाडांची सावली पडली की त्या संपल्या. म्हणून आम्ही म्हणतो, भक्ती आणि उत्साह यांना विद्येची जोड नसेल तर रक्षणकर्तेच नाशाला कारण होतात.

याउलट, विद्या कामी लावली तर काय घडते, याचीही उदाहरणे आपल्याच मातीत आहेत. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून शिकून परतलेले तरुण शास्त्रज्ञ माधव गाडगीळ १९७० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासमवेत सह्याद्रीतील देवराया पायाखाली घालू लागले. जेथे देवाच्या भयाने कुऱ्हाड चालत नव्हती त्या राया म्हणजे नुसती अंधश्रद्धा नव्हे, मूळ अरण्याचे ते अखेरचे अवशेष आहेत, हे त्यांनी शास्त्राच्या भाषेत जगापुढे मांडले. अलीकडचे उदाहरण रत्नागिरीचे. पेशाने अभियंते असलेले सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी कोकणातील सड्यांवर गावोगाव हिंडले, गुराख्यांना आणि वृद्धांना विचारीत कातळशिल्पे शोधीत राहिले, त्यांची मापे घेतली, नोंदी केल्या. काशेळीचा विशाल हत्ती, बारसू आणि देवाचे गोठणे येथील आकृती जगाला ठाऊक झाल्या, आणि २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. आंबोलीचे उदाहरण तर पर्वकाळी आवर्जून सांगावे असे आहे. तेथील हिरण्यकेशीच्या महादेव मंदिराच्या परिसरातील पाण्यात तरुण अभ्यासकांना माशाची एक नवी जात आढळली. तिला नदीचेच नाव मिळाले आणि २०२१ साली तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. ज्या पाण्याला भाविक तीर्थ म्हणत आले त्याचे मोल शास्त्रानेही मान्य केले. श्रद्धा आणि विज्ञान यांचे असे हस्तांदोलन क्वचितच पाहावयास मिळते.

मग प्रत्येकाने काय करावे? आमच्या मते, आपल्या व्यवसायातील एक काम, आपल्या गावासाठी. वास्तुविशारदाने गावच्या देवळाचे, बारवेचे मोजमाप घेऊन नकाशे तयार करावेत. उद्या काही ढासळले तर मूळ रूप कसे होते याचा तोच पुरावा राहील. स्थापत्य अभियंत्याने जीर्णोद्धार समितीच्या बैठकीत बसून पाणी कोठून शिरते आणि कोठून निघावे, एवढे जरी समजावून सांगितले तरी निम्मे काम झाले. वकिलाने देवराईच्या सातबाऱ्यावर काय नोंद आहे ती पाहावी. सनदी लेखापालाने देवस्थानचे हिशेब चोख ठेवण्यास साहाय्य करावे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा जो निधी खर्च करावा लागतो, त्याच्या विषयांत राष्ट्रीय वारशाचे जतन हाही विषय आहे, हे त्यानेच गावकऱ्यांना सांगावे. संगणकतज्ज्ञाने वाड्यातील रुमालांत बांधलेल्या मोडी कागदांची छायाचित्रे घेऊन त्यांची नीट सूची करावी. यांपैकी कोणत्याही कामाला नोकरी सोडावी लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, हे काम सरकारचे आहे. आहेच. परंतु १९७६ साली राज्यघटनेत घातलेल्या ५१-अ या अनुच्छेदाने आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे आणि अरण्ये, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण करणे ही नागरिकांचीही कर्तव्ये ठरविली आहेत. शिवाय ज्या वास्तू संरक्षित यादीतच नाहीत त्यांच्याकडे सरकार तरी कधी पोहोचणार? दुसरा आक्षेप असा की, गाव ऐकत नाही. हा आक्षेप अधिक गंभीर आहे. देऊळ हे वस्तुसंग्रहालय नव्हे. तेथे रोज घंटा वाजते, नैवेद्य होतो, आणि ते कसे असावे हे ठरविण्याचा पहिला अधिकार गावाचा आहे. म्हणून शहरातून आलेल्या तरुणाने उपदेशकाच्या नव्हे, शिष्याच्या भूमिकेतून यावे. देवराईतील कोणती वेल कशाला लागते हे गुरवाला ठाऊक असते. चुना कसा मळावा हे एखाद्या वृद्ध गवंड्याच्या हाताला आठवत असते. ती विद्या कोणत्याही महाविद्यालयात मिळणार नाही, आणि तिचे जाणकार दर वर्षी कमी होत आहेत. आणखी एक पथ्य. जी स्मारके कायद्याने संरक्षित आहेत तेथे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून एक दगडही हलवू नये. सदिच्छा हा काही परवाना नव्हे.

सीमोल्लंघन म्हणजे केवळ गावाची शीव ओलांडणे नव्हे. आपल्या कचेरीच्या, पगाराच्या आणि पदवीच्या चौकटीबाहेर पाऊल टाकणे, हेही सीमोल्लंघनच होय. रायगडाची उभारणी करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी जगदीश्वराच्या पायरीवर आपले नाव कोरविले. कळसावर नव्हे, जेथे भाविकांची पायधूळ पडेल अशा ठिकाणी, आणि तेही सेवेस तत्पर असलेला एक सेवक म्हणून. आपल्या विद्येचे सोने कसे करावे, याचा याहून सुंदर वस्तुपाठ आम्हांस ठाऊक नाही.

आज सायंकाळी सोने लुटताना एवढे ध्यानी ठेवावे की, आपट्याचे झाडही वारसाच आहे. त्याच्या फांद्या ओरबाडून रस्तोरस्ती ढीग लावण्याची आणि त्याच्या नावाने बिचाऱ्या कांचनालाही ओरबाडण्याची रीत शास्त्राने सांगितलेली नाही. एक पान पुरे. कौत्साने ऋणापुरतेच घेतले होते. ते एक पान थोरांच्या हाती देऊन त्यांचा आशीर्वाद घ्यावा, आणि यंदा शमीवरची आपापली शस्त्रे खाली काढावी. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.