धक्के पचवायला स्प्रिंग कशाला?

नातवाला क्रॉस-कंट्रीसाठी डोंगरात चालवायची सायकल स्वतः जुळवायची आहे. खिशात वीस हजार. परवा दुकानदाराने पुढे-मागे शॉकॲब्सॉर्बरवाली सायकल दाखवली आणि स्वारी विरघळली. अरे, एवढ्या पैशात मिळतो तो शॉक म्हणजे नुसती जड लोखंडी स्प्रिंग! चढावर तू पायडल मारणार आणि निम्मा जोर ती खाली-वर होण्यात घालवणार.

१९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मारिन काउंटीत पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकलींवर डोंगरउताराच्या शर्यती लावायची. शॉक कुठला? मागच्या हबमधला ब्रेक मात्र असा तापे की ग्रीस जळून धूर निघे, आणि हब उघडून ते पुन्हा भरावं लागे. म्हणून शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं! म्हणजे घोडं अडलं होतं ब्रेकपाशी.

तेव्हा पैसे ब्रेक, चाकं आणि टायरवर घाला. फ्रेम सेकंडहँड चालेल (जोडांजवळ चीर नाही ना, तेवढं बघा), पुढे साधा फोर्क. रुंद टायरात हवा जरा कमी ठेवली की धक्के तोच पचवतो, तेही फुकटात.

नातू अजून रुसलेला आहे. दुकानदार तर मला बघून शटरच ओढतो.