मूळपुरुष हवाय? मग अख्खा घ्या

आज जरा भांडायचा मूड आहे. 'आमचा मूळपुरुष' हे शब्द कोणी छाती फुगवून उच्चारले की मला त्या मूळपुरुषाचीच दया येते. बिचारा मेलेला असतो, उत्तर देऊ शकत नाही. मग आपण त्याला आंघोळ घालतो, त्याचे केस विंचरतो, नको ती माणसं त्याच्या फोटोतून कापून टाकतो आणि दिवाणखान्यात टांगतो. वर म्हणतो, आम्ही इतिहास जपला!

हे सगळं ज्याच्या बाबतीत अगदी पद्धतशीरपणे झालं असा एक माणूस म्हणजे सॉमरलेड. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, बाराव्या शतकातला. क्लॅन डोनाल्ड, मॅकडूगल, मॅकॅलिस्टर ह्या सगळ्या घराण्यांचा मूळपुरुष. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी त्याचं नाव ऐकलं नसेल, पण मॅकडोनाल्ड हे आडनाव ऐकलं नाही असा माणूस आता चंद्रपूरलाही सापडणार नाही. (ह. घ्या.)

क्लॅनच्या पुस्तकांत, स्मरणिकांत, चहाच्या मगांवर जो सॉमरलेड भेटतो तो असा: शुद्ध गेलिक रक्ताचा वीर, ज्याने परक्या नॉर्स व्हायकिंगांना हाकलून बेटं मुक्त केली, एका थोर वंशाची स्थापना केली आणि शेवटी दग्याने मारला गेला. छान आहे. फक्त ह्यातला प्रत्येक तुकडा तपासला की हातात राहतो.

आधी नावच घ्या. सॉमरलेड हे नॉर्स नाव आहे. अर्थ, उन्हाळ्यात सफरीवर निघणारा. आणि त्या काळी उन्हाळ्यात सफरीवर कोण निघायचं? व्हायकिंग! वडिलांचं नाव मात्र गिलब्रीद, म्हणजे चक्क गेलिक. बापाचं नाव एका भाषेतलं, मुलाचं दुसऱ्या. मुलांची नावं तर ह्याहून गमतीची. एक रॅनल्ड, एक ओलाफ, दोन्ही नॉर्स. एक अँगस, हा गेलिक. आणि एक डूगल्ड. हा शब्द गेलिक खरा, पण त्याचा अर्थ 'काळा परका', आणि हा शब्द आयरिश लोक डेन व्हायकिंगांसाठी वापरायचे. परक्यांना हाकलायला निघालेला माणूस स्वतःच्या पोराचं नाव 'परका' ठेवेल का हो?

बरं, हाकललं कुणाला? ही बेटं, म्हणजे हेब्रिडीज, आणि आयल ऑफ मॅन मिळून एक राज्य होतं. तिथला राजा ओलाफ ११५३ साली त्याच्या डब्लिनहून आलेल्या पुतण्यांनी मारला. त्याचा मुलगा गॉड्रेड गादीवर आला आणि काही सरदारांना तो नकोसा झाला. ते सॉमरलेडकडे गेले. तुझा मुलगा डूगल्ड आम्हाला राजा म्हणून दे, म्हणाले. सॉमरलेडने दिला. ११५६च्या जानेवारीत एपिफनीच्या रात्री समुद्रावर लढाई झाली. मॅनची बखर सांगते की सॉमरलेडकडे ८० जहाजं होती. रात्रभर कापाकापी झाली आणि सकाळी दोघांनी बेटं वाटून घेतली. दोन वर्षांनी, ११५८ साली, सॉमरलेड ५३ जहाजं घेऊन मॅनवर चालून गेला आणि गॉड्रेड नॉर्वेला पळाला.

आता प्रश्न असा, की ह्या सरदारांना डूगल्डच का हवा होता? सॉमरलेडचे इतके शूर शेजारी होते, त्यांची पोरं का नकोत? उत्तर एका शब्दाचं आहे: रॅग्नहिल्ड. सॉमरलेडची बायको. राजा ओलाफची मुलगी. म्हणजे डूगल्ड हा मेलेल्या राजाचा नातू होता, आणि ज्याला 'परका' म्हणून हाकलला तो गॉड्रेड सॉमरलेडचा मेहुणा होता! ज्याला लोक स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात ते निम्मं तरी सासरच्या इस्टेटीचं भांडण होतं. मॅनच्या बखरकाराला हे नीट कळलं होतं. त्याने तर सरळ लिहून टाकलंय की बेटांच्या राज्याचा नाश झाला तो ह्या लग्नामुळे. (नाशाचं खापर लग्नावर, म्हणजे बाईवर. ही पद्धतही जुनीच.)

आणि बेटं मुक्त झाली म्हणावं तर तेही नाही. ११६४ साली सॉमरलेड मेला आणि गॉड्रेड नॉर्वेची मदत घेऊन परत आला. मॅन पुन्हा त्याच्याकडे गेलं. दक्षिणेकडची बेटं सॉमरलेडच्या मुलांकडे राहिली हे खरं, पण ही सगळीच बेटं १२६६च्या पर्थच्या तहापर्यंत नॉर्वेच्या राजाच्या छत्राखाली होती. सॉमरलेडच्या मृत्यूनंतर शंभर वर्षं! ह्याला मुक्ती म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आता मरणाकडे येऊ. ग्लासगोच्या विमानतळापासून रेनफ्रू अगदी जवळ आहे. तिथे ११६४ साली सॉमरलेड मोठं आरमार घेऊन उतरला. बखरीत १६० जहाजांचा आकडा आहे. उतरला आणि जवळपास लगेचच मेला. सोबत एक मुलगाही गेला. ग्लासगोच्या एका पाद्र्याने ह्या घटनेवर लॅटिनमध्ये कविता लिहिली आहे. तिच्यात सॉमरलेडला सुरुवातीलाच भाला लागतो, मग तलवारीने तो संपतो, आणि एक धर्मगुरू त्याचं मुंडकं कापून बिशपच्या हातात देतो. सगळं श्रेय अर्थात संत केंटिगर्नला.

हे शत्रूचं लिखाण आहे, त्यावर काय विश्वास ठेवायचा, असं क्लॅनवाले म्हणतात. मुद्दा रास्त आहे. पाद्र्याला संताचा चमत्कार दाखवायचा होता. मॅनची बखर तर गॉड्रेडच्याच वंशजांच्या आश्रयाने, शंभरेक वर्षांनी लिहिली गेली. तिथले आकडे जपूनच घ्यावेत. पण मग त्यांच्या जागी तुम्ही काय ठेवता? तर सतराव्या शतकात स्लीटच्या एका मॅकडोनाल्डाने लिहिलेला घराण्याचा इतिहास. पाचशे वर्षांनंतरचा! त्यात सॉमरलेड मूठभर माणसांना गुरांची कातडी पांघरून पुन्हा पुन्हा फिरवतो, म्हणजे शत्रूला सेना मोठी वाटावी. त्यात ओलाफच्या जहाजाला भोकं पाडून ती चरबी-लोण्याने बुजवली जातात. भर समुद्रात लोणी वितळतं, म्हातारा बुडायला लागतो, आणि मुलगी देतो असं कबूल केल्यावरच सॉमरलेड त्याला वाचवतो. ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात! माझ्या हिशेबी ही खंडणी आहे. आणि शेवटी त्याच इतिहासात तो रणात हरत नाही, त्याच्या जवळचाच माणूस लाच खाऊन त्याला मारतो. साहजिकच. मूळपुरुष हरला असं कोण लिहील? तो नेहमी दग्यानेच मरतो. जगातल्या कुठल्याही घराण्याचा इतिहास उघडून पाहा.

आता 'वंश' ह्या शब्दाकडे. क्लॅनच्या जुन्या वंशावळीत सॉमरलेड हा कोला उइश नावाच्या प्राचीन आयरिश राजाचा वंशज. मग २००५च्या सुमारास ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स ह्यांनी क्लॅनप्रमुखांचे वाय-गुणसूत्र तपासले. मॅकडोनाल्ड, मॅकडूगल, मॅकॅलिस्टर ह्या आडनावांच्या बऱ्याच पुरुषांचा धागा जुळला, म्हणजे एक समान पूर्वज होता हे खरं निघालं. पण तो धागा निघाला आर-वन-ए गटाचा, जो स्कॉटलंडमध्ये नॉर्स समजला जातो. म्हणजे बापाकडून बापाकडे जाणारी शुद्ध गेलिक रेघ जी होती ती नॉर्वेत जाऊन पोचली! ज्याने व्हायकिंग हाकलले तोच व्हायकिंगाचा नातू-पणतू. मला वाटलं आता तरी 'शुद्ध'चं दुकान बंद होईल. कसलं काय. आता व्हायकिंग असल्याचाही अभिमान सुरू झाला. रक्ताच्या अभिमानाला काहीही चालतं, फक्त रिकामं बसणं चालत नाही.

(उत्साही नातेवाईकांसाठी सूचना: आर-वन-ए गट भारतातही भरपूर आहे. त्याची आपली शाखा वेगळी आणि ताटातूट काही हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा कृपया 'आपण आणि मॅकडोनाल्ड एकच' असा मेल फॉरवर्ड करू नये.)

साधा हिशेब करा. सॉमरलेडला जाऊन ८६० वर्षं झाली. एक पिढी ३० वर्षांची धरली तर साधारण २८ पिढ्या. प्रत्येक पिढीत पूर्वजांच्या जागा दुप्पट होतात. २८ पिढ्या मागे गेलं की २६ कोटींहून जास्त जागा होतात. आजच्या स्कॉटलंडची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास. म्हणजे तीच ती माणसं हजारो वाटांनी पुन्हा पुन्हा पूर्वज म्हणून येतात, आणि पश्चिम स्कॉटलंडशी नातं असलेल्या जवळपास कुणाच्याही मागे सॉमरलेड कुठल्या तरी आजीकडून उभा असणारच. मग वाय-गुणसूत्र काय सांगतं? २६ कोटी जागांपैकी एका जागेबद्दल. ती एक रेघ पकडायची आणि बाकी सगळ्यांना 'इतर' म्हणायचं, ह्याला वंश म्हणतात. आणि मजा अशी की ज्या रॅग्नहिल्डमुळे सॉमरलेडच्या पोरांना बेटांवर हक्क सांगता आला, तिची त्या रेघेत एक खूणही नाही. राज्य आईकडून आलं, आणि वंश म्हणे बापाचा.

'ह्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे? लोकांचा विरंगुळा आहे,' असं कोणी म्हणेल. विरंगुळा असता तर मी गप्प बसले असते. पण ह्या गोष्टीची किंमत कोणीतरी मोजलेली आहे.

क्लॅन हा शब्द गेलिकमधल्या लेकरांसाठीच्या शब्दावरून आला. म्हणजे प्रमुख हा बाप आणि रयत ही लेकरं. खरं तर प्रमुखाच्या जमिनीवर राहणारे कितीतरी लोक रक्ताचे कोणी नव्हते, त्यांनी नुसतं आडनाव घेतलं होतं. पण गोष्ट सगळ्यांना सांगितली होती: आपण सारे एका सॉमरलेडची, त्याच्या नातवाची, डोनाल्डची लेकरं. त्या गोष्टीच्या जोरावर लोकांनी प्रमुखासाठी तलवारी उचलल्या, पिढ्यानपिढ्या. आणि मग मेंढ्या माणसांपेक्षा जास्त भाडं देऊ लागल्या. १८४९ साली नॉर्थ यूइस्ट बेटावरच्या सोलास इथून लॉर्ड मॅकडोनाल्डच्या कुळांना हुसकावलं. तिथल्या बायका दगड घेऊन पोलिसांसमोर उभ्या राहिल्या. १८५३ साली स्काय बेटावरची बोरेरेग आणि सुशनिश ही गावं त्याच इस्टेटीने रिकामी केली. घरांच्या भिंती अजून उभ्या आहेत, छपरं नाहीत. हुसकावणारा सॉमरलेडचा वंशज, आणि हुसकावले गेलेले त्याचीच 'लेकरं'. बापाने लेकरांना जहाजात बसवून समुद्रापार पाठवलं.

आज त्याच हुसकावलेल्यांची पणतवंडं कॅनडातून, अमेरिकेतून येतात, हजारो रुपयांची चौकड्याची शाल घेतात आणि म्हणतात, आम्ही सॉमरलेडचे. त्यांच्यावर माझा राग नाही. ज्यांचं गाव गेलं त्यांना काहीतरी हातात धरायला हवंच असतं. माझा राग आहे तो त्यांच्या हातात सॉमरलेड देऊन सोलासच्या बायका लपवणाऱ्या गोष्टीवर. त्या बाईचं रक्त त्यांच्यात नक्की आहे. ती त्यांच्या कितीतरी जवळची, पाच-सहा पिढ्यांवरची. तिच्या नावाची शाल मात्र कुणी विणत नाही.

आणि सॉमरलेडचं काय? धुऊनपुसून काढला नाही तर तो मला फार आवडतो. दोन भाषांच्या मधे वाढलेला, बायकोच्या माहेरच्या राजकारणात उडी घेणारा, मरणाच्या वर्षीच आयोनाच्या मठासाठी आयर्लंडहून, डेरीचा मठाधिपती मागणारा (तो मिळाला नाही), आणि शेवटच्या सफरीत पहिल्याच पावलाला ठेचकाळणारा माणूस. त्यात एक पूर्ण आयुष्य आहे. पुतळ्यात ते नाही.

आता हे सगळं मी कुणासाठी लिहितेय ते घरच्यांच्या लक्षात आलं असेलच. आपल्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. काकांनी त्यासाठी किती कष्ट घेतलेत ते मला माहीत आहे, आणि त्याबद्दल त्यांना नमस्कारच. पण काका, आत्या, दादा, दोन गोष्टी मागते. एक, मूळपुरुषाच्या पानावर 'पराक्रमी' आणि 'तेजस्वी' ही विशेषणं असतील तर त्यांच्यासमोर पुरावा लिहा, नसेल तर विशेषण काढा. दोन, 'सौ. अमुक' एवढंच लिहून जिथे बाई संपते, तिथे तिचं माहेरचं नाव, गाव, आणि ती काय करायची हे लिहा. माहीत नसेल तर जागा कोरी सोडा, पण सोडा. छापील कोरी जागा पाहिली की पुढच्या पिढीत कुणीतरी चौकशी करेल. जागाच नसेल तर कुणी विचारणारही नाही.

आणि त्यासाठी चार पानं जास्त लागणार असतील, तर छपाईची वर्गणी मी देते.