तक्रार करणाऱ्याचाच हिशेब का चुकता करता?



न्याय मागणाऱ्यालाच त्रास द्यायचा, ही रीत सीमाभागाला नवी नाही. 1956 पासून आपण ती सोसत आलो. जून 1986 मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध उभे राहिलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. म्हणूनच एक प्रश्न आता आपल्याच घरात विचारायला हवा. उद्यमबागेत, मच्छेत किंवा निपाणीच्या वखारीत एखादा कामगार म्हणाला, "मशीनला जाळी नाही, बोट जाईल", तर दुसऱ्या दिवशी त्याचे काय होते?

"उद्यापासून येऊ नको." बस्स, एवढेच! नेमणूकपत्र नव्हते, म्हणून काढल्याचाही कागद नाही. आणि हे सांगणारा मालक पुष्कळदा आपल्यातलाच असतो, 1 नोव्हेंबरच्या फेरीत आपल्या शेजारून चालणारा. हे वाचून काहींना राग येईल. येऊ द्या.

निपाणीने याचे उत्तर एकदा दिले आहे. तंबाखूच्या वखारीत दिवसभर खकाणा नाकातोंडात घेत राबणाऱ्या बायका 1980 च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी यांच्या साथीने संघटित झाल्या. एकटी बोलली तर घरी जाईल, म्हणून सगळ्या मिळून बोलल्या. त्यांच्या लढ्यावर दीपा धनराज आणि युगांतर गटाने 1982 साली माहितीपट केला. त्या बायकांचे आपण कौतुक करतो, पण आज तसे बोलणारी आपल्या वखारीत आली तर तिला ठेवून घेऊ का?

कायदा नाही असे नाही. भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. कामगाराला थेट निरीक्षकाकडे जाण्याचा हक्क मिळाला, आणि तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन निरीक्षकावर आले. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. तिच्यातही तक्रारीचा हक्क आहे, नेमणूकपत्रही सक्तीचे आहे. सूडाने कामावरून काढणे ही अनुचित प्रथा मानली जाते. पण सूड सिद्ध कोणी करायचा? ज्याच्या हातात कागदच नाही त्याने! शिवाय दहापेक्षा कमी कामगारांच्या वर्कशॉपला ही संहिता साधारणपणे लागूच होत नाही. तिथे कामगाराला आधार फक्त मालकाच्या सदसद्विवेकाचा आणि समाजाच्या लाजेचा.

मालक म्हणतात, तक्रारी ऐकत बसलो तर धंदा कसा चालणार? मी बँकेत कारकून आहे. कॅशमध्ये फरक आला तर तो सांगणाऱ्याला आम्ही शिक्षा करत नाही, म्हणून तर संध्याकाळी कॅश जुळते. सांगणाऱ्यालाच घरी बसवले, तर पुढचा फरक कोण सांगेल? जाळीचा खर्च एकदाच होतो. तुटलेल्या हाताची भरपाई, बंद मशीन आणि कोर्टाच्या तारखा यांचा खर्च मात्र संपत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बेळगावजवळ नावगे येथे कारखान्याला आग लागून एक तरुण कामगार गेला. हळहळ सर्वांनी व्यक्त केली. पण जीव वाचतो तो आधी ऐकल्याने, नंतरच्या हळहळीने नव्हे.

1948 च्या कायद्यात सूचना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याची अट होती. दुकानाच्या पाटीसाठी भांडणाऱ्या आपल्याला धोक्याची पाटी मराठीत हवी, असे कधी वाटले का?

आपल्या संघटनेने तीन गोष्टी हाती घ्याव्यात. आपल्या सभासदांच्या प्रत्येक कारखान्यात, मग कामगार चार असोत की चाळीस, नेमणूकपत्र मिळावे. धोक्याच्या सूचना आणि निरीक्षकाचा पत्ता मराठीतही लागावा. आणि तक्रार लिहून देण्यासाठी संघटनेच्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ ठेवावी. तक्रारदाराचे नाव बाहेर जाऊ नये, आणि त्याला काढले तर जाब संघटनेने विचारावा, मालक सभासद असला तरी!

1956 पासून अर्ज करून थकलेल्या समाजाने दुसऱ्याचा अर्ज तरी फाडू नये.