पर्जन्यमापकास न दिसणारें पाणी

आम्ही महसूल खात्यांत असतां कचेरीच्या आवारांतील एका पर्जन्यमापकावरून सबंध तालुक्याचा पाऊस लिहीत असूं. दोन कोसांवरचें शेत कोरडें असे, पण कागदावर भिजलेलें. कुणब्याची तहकुबी बुडे. म्हणून अमेरिकेंतील ओरेगन राज्याची हकीकत वाचून आम्हांस नवल वाटलें नाहीं.

तेथील कॅस्केड पर्वतावर हिंवाळ्यांत बर्फ सांचतें. १९९६ च्या फेब्रुवारींत त्यावर उबदार पाऊस पडला, आणि पावसाचें व वितळल्या बर्फाचें पाणी एकदम उतरून विलामेट नदीच्या खोऱ्यांत महापूर आला. पर्जन्यमापक त्यांतील पावसाचाच हिशेब देतो. बर्फाची नुसती खोली मोजूनही भागत नाहीं. फूटभर ताज्या बर्फाचें पाणी सुमारें इंचभर, तर जुन्या दडपलेल्याचें तीन-चार इंच! यास्तव पोकळ नळी बर्फांत खुपसून आंतील बर्फाचें वजन करितात. ही रीत नेवाडांतील माउंट रोझ डोंगरावर प्रा. चर्च यांनीं घातली. ते मूळचे लॅटिनचे शिक्षक. वितळणारें पाणी मोजण्यास बर्फाखालीं पसरट परात ठेवितात.

परंतु परात कोठें ठेवावी? दाट झाडीखालीं बर्फ कमी पोंचतें. पुष्कळसें फांद्यांवरच वितळून ठिबकतें. तोडलेल्या रानांत तें अधिक सांचतें, शिवाय पावसाबरोबरचा दमट वारा त्यास थेट लागतो, आणि वितळविण्याचें काम थेंबांपेक्षां बहुधा हा वाराच अधिक करितो. सबब झाडींत व उघड्यावर, दोन्हीकडे मोजणी झालीच पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. खर्च वाढेल, हें आम्ही जाणतों. तथापि उघड्यावरील परातीचे आंकडे पाऊस चालू असतांनाच तासातासास खालीं कळले, तर खोऱ्यांतील शेतकऱ्यास गुरें हलविण्यापुरती तरी सवड मिळेल.