प्रेमकथा वाचणाऱ्या बाईने ओशाळायचे कशाला?

आटगाव : मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील आटगाव हे मुंबईपासून सुमारे ९५ किलोमीटर अंतरावरचे स्थानक. शहापूर तालुक्यातील या गावातून आणि आसपासच्या पाड्यांतून मुंबईकडे नोकरीसाठी जाणाऱ्या महिलेचे दिवसाचे चार-साडेचार तास लोकलमध्येच जातात. घर आणि कार्यालय यांच्यामधला हा वेळ तेवढा तिचा स्वतःचा. त्यात भाजी निवडणे असते, डुलकी असते आणि वाचनही असते. एके काळी महिलांच्या डब्यातील कादंबरीला वर्तमानपत्राच्या कागदाचे वेष्टन असे. ते पुस्तक मळू नये म्हणून घातलेले, की मुखपृष्ठावरचे युगुल समोरच्या बाकावरून दिसू नये म्हणून, हे विचारण्याची सोय नव्हती. आता मोबाइलला मुखपृष्ठच नाही. 'प्रतिलिपी'सारख्या मंचावर मराठी प्रेमकथा क्रमशः येतात आणि त्या लिहिणाऱ्यांतही महिलांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी आहे. तरीही 'काय वाचतेस?' या प्रश्नाला 'काही नाही गं, टाइमपास' हेच उत्तर मिळते.

हा संकोच प्रेमकथेमुळे आलेला नाही, हे मराठी साहित्याचा इतिहास पाहिल्यास ध्यानात येते. ना. सी. फडके यांनी आयुष्यभर प्रामुख्याने प्रेमकथाच लिहिल्या. ते १९४० मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. वि. स. खांडेकर यांच्या 'ययाति'च्या केंद्रस्थानी काम आणि प्रेम आहे. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांकडे आला तो याच कादंबरीसाठी. याउलट कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर यांची पुस्तके वाचनालयांत हातोहात जात असताना समीक्षेने त्यांची दखल घेतली ती बहुतेक 'गृहिणींचे दुपारचे वाचन' एवढ्यापुरतीच. दुपारी वाचलेले पुस्तक रात्री वाचलेल्या पुस्तकापेक्षा हलके कसे ठरते, याचा खुलासा मात्र कोणी केला नाही.

आद्य कवयित्रीचा विषय

मराठीतील आद्य कवयित्री मानल्या जाणाऱ्या महदंबेचे 'धवळे' तेराव्या शतकातील. विदर्भातील रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी ते रचले गेले आणि त्यांचा विषय कृष्ण-रुक्मिणीचे लग्न. भावाने ठरविलेला वर नाकारून, स्वतः पत्र धाडून, आपल्या पसंतीच्या पुरुषाला बोलावून घेणाऱ्या मुलीची ही कथा आहे. म्हणजे मराठीत बाईने रचलेले पहिले ज्ञात काव्य ही एक प्रेमकथाच ठरते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. या अभिमानाच्या यादीत महदंबेचे नाव आवर्जून घेतले जाते. तिने कशावर लिहिले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

पुढे १८७३ मध्ये साळूबाई तांबवेकर यांची 'चंद्रप्रभाविरहवर्णन' ही कादंबरी आली. महिलेने लिहिलेली पहिली मराठी कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो आणि तिच्या नावातच विरह आहे. साठ वर्षांनी, १९३३ मध्ये, 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा गदारोळ उडाला. शिकल्या-सवरलेल्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालते, हे त्यात उघडपणे लिहिले होते. लेखिकेचे नाव 'विभावरी शिरूरकर'. ते खरे नव्हे, हे कळल्यावर खरे नाव शोधण्याचा उद्योग सुरू झाला. या कथा बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर यांच्या होत्या. पुरुष लेखकांच्या नायिका तोवर मराठीत भरपूर प्रेम करून चुकल्या होत्या. वाचकांना झोंबले ते हे की आता हिशेब नायिकाच मांडीत होती.

प्रेमकथांवरील एक आक्षेप मात्र गंभीर आहे. रुबाबदार, हुकूम सोडणारा नायक आणि अखेरीस त्याच्यापुढे विरघळणारी नायिका, हा साचा बाईला दुय्यमपण गोड करून देतो, असे अनेक स्त्रीवादी अभ्यासक म्हणत आल्या आहेत. अमेरिकेतील जॅनिस रॅडवे यांनी प्रत्यक्ष वाचक महिलांशी बोलून १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक निराळी बाजू पुढे आली. पुस्तक उघडून बसणे म्हणजे 'आता मला हाक मारू नका' असे घरादाराला सांगणे, अशा अर्थाचे त्या महिलांचे म्हणणे होते. अर्थात, या सुखात खरी नाराजी जिरून जाते, ही शंकाही रॅडवे यांनी नोंदविली. ती खोटी म्हणता येणार नाही. पण साचेबंदपणाचा हाच न्याय गुप्तहेरकथांना आणि मारधाडीच्या चित्रपटांना कोणी लावत नाही, हेही खरे.

निवड कोणाची?

हा केवळ वाचनाच्या आवडीनिवडीचा वाद नाही. राज्य शासनाने १३ डिसेंबर २०२२ रोजी आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी समन्वय समिती नेमली. टीका झाल्यावर अवघ्या दोन दिवसांत 'आंतरजातीय' हा शब्द वगळण्यात आला, 'आंतरधर्मीय' राहिला. अशा विवाहातील मुलीचा तिच्या माहेराशी संपर्क राहावा, असा हेतू सांगण्यात आला. सज्ञान मुलीची पसंती ही शासनाने लक्ष ठेवण्याजोगी बाब आहे, हे गृहीतक मात्र कायम राहिले. जिथे मुलीच्या 'हो'ला घर, जात आणि आता सरकारी कागद यांची संमती लागते, तिथे नायिका स्वतः 'हो' किंवा 'नाही' म्हणते अशी गोष्ट, तिची भाषा कितीही ढोबळ असो, क्षुल्लक ठरत नाही. लोकलच्या डब्यातील वाचक महिला ते अचूक ओळखतात. समीक्षकांना वेळ लागतो.

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी या समाजांची वस्ती आहे. त्यांपैकी वारल्यांच्या पारंपरिक विवाहात लग्न लावते ती धवलेरी. ती स्त्री असते आणि गाणी म्हणून लग्न लावते. महदंबेचे 'धवळे' आणि ही 'धवलेरी' यांच्या नावांतले साम्य नजरेत भरणारे आहे. पण महदंबेचे धवळे महानुभावांच्या पोथ्यांतून टिकले. धवलेरीचे गाणे तिच्याकडून पुढच्या बाईला तोंडी शिकवले गेले तरच टिकते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या त्या-त्या बाईच्या नावानिशी, तिच्या आवाजासह येऊ लागल्या. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. आटगावहून सुटलेली लोकल या दोन्ही शहरांतून जाते.