उचल घेण्याआधी टनांचा हिशोब करा

भूम, वाशी, कळंब, परंड्याच्या बंधू-भगिनींनो,

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीचा मुकादम दारात येतो, आगाऊ पैशांची उचल देतो आणि नवरा-बायकोचा कोयता हंगामासाठी बांधून घेतो. त्याआधी नवरा-बायकोने एकत्र बसून एक हिशोब करावा, ही कळकळीची विनंती.

२०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. ही वाढ भांडून मिळवलेली आहे. पण याच दराने एक लाखाची उचल फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. दोघांनी मिळून दिवसाला दोन टन तोडला, तरी साडेचार महिने जातात. पाऊस, आजारपण, गाडीची वाट पाहण्यात गेलेला दिवस यात धरलेलाच नाही. अख्खा हंगाम फेडण्यात जातो आणि गावी परतताना हात रिकामेच. जादा घेतलेल्या दर १०,००० रुपयांमागे २७ टन, म्हणजे दोन आठवड्यांची तोडणी वाढते.

गावात राहिलं तरी ओढाताण सुटत नाही. २०२५ च्या एप्रिलपासून रोजगार हमीची मजुरी २९७ वरून ३१२ रुपये झाली. वाढलेल्या १५ रुपयांत पाव किलो तूरडाळसुद्धा येत नाही. वाढ महागाईला पुरत नाही, हे काटकसरीसाठी नावाजलेल्या जपानमध्येही झालं. २०२४ साली तिथल्या संघटित कामगारांना पाच टक्क्यांवर पगारवाढ मिळाली, तीस वर्षांतली सर्वांत मोठी. तरी महागाईमुळे त्या वर्षी पगाराची खरी किंमत घटलीच.

मजुरीचा दर एकट्याने वाढवता येत नाही. दवाखाना, लग्न टळत नाही, हेही खरं. पण उचलीचा आकडा थोडा तरी खाली आणता येतो.

लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये येत असतील, तर खर्चाआधी दरमहा ५०० बचत गटात टाका. वर्षाला ६,००० होतात. तेवढी उचल कमी घेतली, तर १६ टन तोडणी वाचते.

एका मायक्रोफायनान्स कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज काढू नका. सगळे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असा मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वसुलीवाल्याला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा लावता येत नाही, हेही ठणकावून सांगा.

वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा बँकेत मिळतो. कोयता हातात घेणाऱ्या प्रत्येकाने तो निघण्याआधी काढावा.

आणि स्वतःची वही ठेवा. उचल किती घेतली, कोणत्या तारखेला किती टन भरला, किती फिटली, सगळं लिहा. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून लिहून घ्या.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपली उचल टनांत सांगावी आणि यंदा किती टन कमी करायचे ते तिथेच ठरवावं.