भुतांच्या गोष्टी आणि ओस पडलेला गाव

कॉनर मॅकफर्सन या आयरिश नाटककाराचे ‘द वीअर’ हे नाटक लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरने १९९७ च्या जुलै महिन्यात प्रथम रंगमंचावर आणले, तेव्हा लेखकाने वयाची सव्विशीही गाठलेली नव्हती आणि प्रयोग अगदी लहानशा प्रेक्षागृहात होत असे. पुढे ते मोठ्या नाट्यगृहात गेले, १९९९ साली त्याला ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पोहोचले. २०२५ साली स्वतः मॅकफर्सन यांनीच ते पुन्हा बसवले. ब्रेंडन ग्लीसन यांच्यासारखा चित्रपटांमुळे जगभर ओळखला जाणारा नट त्यात होता, आणि डब्लिनमधील प्रयोगांनंतर ते लंडनच्या हॅरॉल्ड पिंटर थिएटरमध्ये लागले. नाटकाच्या या भरभराटीबद्दल आनंदच मानायला हवा. परंतु ज्या नाटकाचा सारा जीव पाच माणसांच्या हलक्या आवाजातील बोलण्यात आहे, ते कोणी, कोठे आणि कोणासाठी करावे, हा प्रश्न केवळ नाट्यशौकिनांचा आहे असे मला वाटत नाही.

पुरोगामी वर्तुळात अशा नाटकाकडे संशयाने पाहण्याची रीत आहे. खेड्यातले चार पुरुष दारू पीत बसतात, शहरातून आलेल्या एका स्त्रीला भुतांच्या गोष्टी सांगतात, आणि नाटक संपते. यात संघर्ष कोठे, वर्ग कोठे, अंधश्रद्धेवर प्रहार कोठे, असे विचारले जाते. हे विचारणाऱ्यांनी नाटक नीट ऐकलेले नसते असे माझे स्पष्ट मत आहे. या नाटकातील एकाकीपणाला सातबारा आहे, वारसाहक्क आहे, स्थलांतराचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे. फक्त त्यावर कोणी भाषण करीत नाही.

नाटक घडते आयर्लंडच्या वायव्येकडील लीट्रिम किंवा स्लायगो परगण्यातील एका लहान मद्यगृहात. ‘गुत्ता’ हा आपला शब्द येथे चालणार नाही, त्याला बदनामीचा वास आहे. ही जागा आपल्याकडच्या गावातील पारासारखी आहे. पडदा उघडतो तेव्हा गॅरेज चालवणारा पन्नाशीचा जॅक आत येतो. मालक जागेवर नाही. जॅक स्वतःच आपली दारू ओतून घेतो आणि गल्ला उघडून पैसे आत टाकतो. अर्थशास्त्राच्या माणसाला एवढ्या एका कृतीवर व्याख्यान देता येईल. येथे विक्रेता आणि ग्राहक हे नाते अजून पुरते जन्मलेले नाही. पण हा विश्वास ज्या गावात टिकून आहे, त्या गावात आता माणसेच उरलेली नाहीत.

लीट्रिमची लोकसंख्या १८४१ साली सुमारे एक लाख पंचावन्न हजार होती. ती १९९६ साली सुमारे पंचवीस हजारांवर आली होती. यातला मोठा घाव १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने घातला, त्या दुष्काळात देशातील सुमारे दहा लाख लोक मेले आणि त्याहून अधिक परागंदा झाले. परंतु दुष्काळ संपल्यावरही गळती थांबली नाही. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून ती एकाच मुलाला देण्याची पद्धत रूढ झाली. बाकीच्या भावंडांनी बोटीचा रस्ता धरला. ज्याला जमीन मिळायची तो आईबाप हयात असेतो त्यांच्या शब्दाखाली राहायचा, लग्न लांबायचे, आणि तोवर त्याच्याशी लग्न करू शकणाऱ्या मुली डब्लिनला, लंडनला, बॉस्टनला निघून गेलेल्या असायच्या. पश्चिम आयर्लंडमधील म्हातारा ब्रह्मचारी हा स्वभावाचा विक्षिप्तपणा नव्हे, ती मालमत्तेच्या एका व्यवस्थेची निपज आहे.

हे एकदा ध्यानात घेतले की नाटकातील माणसे वेगळी दिसू लागतात. जिम चाळिशीचा, मिळेल ते काम करणारा, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारा. मद्यगृहाचा मालक ब्रेंडन अविवाहित. त्याच्या बहिणी वरचे शेत विकून टाक म्हणून मागे लागल्या आहेत, आणि तो विकत नाही. फिनबार तेवढा विवाहित, कारण तो वेळीच गावातून उठून जवळच्या कॅरिक शहरात गेला, त्याने हॉटेल आणि मालमत्ता केली, आणि आता गावातले एक जुने घर डब्लिनहून आलेल्या व्हॅलरीला भाड्याने देऊन तो तिला मिरवत येथे घेऊन आला आहे. व्हॅलरी पांढरी वाइन मागते आणि सगळ्यांची तारांबळ उडते, कारण येथे ती कोणी मागतच नाही. कोठूनतरी एक बाटली शोधून आणावी लागते. स्त्रियांचे स्वच्छतागृह बंद पडलेले आहे. नाटककाराने हे विनोदासाठी घातले आहे आणि प्रेक्षक हसतातही. पण येथे स्त्री किती वर्षांत आलेली नाही याची ती नोंद आहे.

भिंतीवर छायाचित्रे आहेत. त्यातले एक नदीवरच्या बंधाऱ्याचे, १९५१ सालचे. त्यावरूनच नाटकाला नाव पडले, कारण ‘वीअर’ म्हणजे बंधारा. वीजनिर्मितीसाठी पाणी नियंत्रित करायला तो बांधला. आयर्लंडमध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची मोठी सरकारी योजना १९४६ पासून राबवली गेली आणि ती योग्यच होती. पण १९५१ ते १९६१ या ज्या दशकात खेड्यात दिवा पोहोचला, त्याच दशकात देशातून निव्वळ चार लाखांवर माणसे बाहेर गेली. बंधाऱ्याने पाणी अडवले, माणसे अडवण्याजोगे काही उभे राहिले नाही. नियोजनाचे गोडवे गाणाऱ्या आम्हा लोकांना हे छायाचित्र डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

आता गोष्टींकडे येतो. पहिली जॅकची. व्हॅलरीने भाड्याने घेतलेले घर फेअरींच्या वाटेवर बांधले होते आणि एके काळी रात्री तेथे दारावर टकटक ऐकू आली होती, अशी. मराठीत हे नाटक कोणी आणायचे म्हटले तर भाषांतरकाराची पहिली परीक्षा येथेच आहे. आयरिश लोककथेतील फेअरी म्हणजे पंखवाली परी नव्हे. वाट अडवली की कोपणाऱ्या त्या शक्ती आहेत. कोकणात वेताळाच्या फेरीच्या वाटेवर उभे राहू नये म्हणतात, त्याच्या जवळचे ते आहे. फिनबारची गोष्ट अधिक भीतिदायक, जिमची तर शिसारी आणणारी. पुरुष एकमेकांवर कडी करीत जातात. आणि मग व्हॅलरी आपली गोष्ट सांगते. तिची लहान मुलगी पोहण्याच्या तलावात बुडून गेली, आणि काही काळाने एका सकाळी फोन वाजला तेव्हा पलीकडून तिचाच आवाज आला, मला घरी न्यायला ये म्हणून.

यापुढचा भाग मला या नाटकातला सर्वात मोलाचा वाटतो, आणि तोच प्रयोगात सर्वाधिक सहज हातचा जातो. पुरुष घाबरतात, पण भुताला नव्हे. ते आपापल्या गोष्टी मागे घेऊ लागतात. मला तेव्हा ताप होता, तो केवळ भास, तुझाही फोन कोणीतरी चुकून केलेला असेल. तर्कबुद्धी येथे सांत्वनाच्या नावाखाली तोंड बंद करण्याचे काम करते. व्हॅलरीला स्पष्टीकरण नको आहे, तिला आपले म्हणणे ऐकले गेलेले हवे आहे. आपण कार्यकर्तेही दुःखी माणसासमोर असेच वागतो. त्याच्या दुःखाची कारणमीमांसा आपल्याकडे तयार असते, आणि ती सांगून झाली की आपल्याला हायसे वाटते.

शेवटची गोष्ट जॅकची, आणि तीत भूत नाही. एका मुलीला डब्लिनला जायचे होते, तो हट्टाने गावातच राहिला, तिचे दुसऱ्याशी लग्न झाले, त्या लग्नाला तो जाऊन आला. तेथून भरकटत एका मद्यगृहात शिरला, तर अनोळखी माणसाने त्याचा चेहरा पाहून न विचारता सँडविच करून दिले. एवढेच.

म्हणून प्रयोगाविषयी माझे म्हणणे असे की दिव्यांची फडफड, किंचाळणारे वारे, काळजाचे ठोके चुकवणारे संगीत यांना येथे थारा देऊ नये. नाटक मध्यंतराशिवाय एकाच बैठकीत घडते, ते तसेच घडू द्यावे. ग्लासात दारू ओतायला जितका वेळ लागतो तितका द्यावा. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्या नटांची निवड अधिक काळजीने करावी, कारण व्हॅलरी बोलत असताना ब्रेंडनने काय करावे हे संहितेत फारसे सापडत नाही, ते नटालाच शोधावे लागते. आणि जॅकचे काम मोठ्या नटाने केले तर त्याने आपले मोठेपण बाहेर ठेवून यावे.

अर्थव्यवस्थेने सारे उलगडते असा माझा दावा नाही. जमिनीचा कायदा कितीही न्याय्य केला तरी व्हॅलरीची मुलगी परत येत नाही. येथे आमचे शास्त्र गप्प बसते आणि बसावे. पण ती गोष्ट सांगायला तिला डब्लिन सोडून या ओस गावी यावे लागले, हे मात्र शास्त्राच्या कक्षेत येते. १९९७ साली आयर्लंडचे राष्ट्रीय उत्पन्न झपाट्याने वाढत होते. परकीय भांडवल डब्लिनभोवती गोळा होत होते, आणि जगातले अर्थतज्ज्ञ त्या देशाला ‘केल्टिक वाघ’ म्हणत होते. त्या वाघाची डरकाळी या मद्यगृहात उन्हाळी पर्यटकांपुरतीच पोहोचते. ते कोणत्याही देशाचे असोत, गावकरी त्यांना सरसकट ‘जर्मन’ म्हणतात.

मोठ्या नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेला ग्लास ठेवल्याचा आवाज ऐकू येत नाही. आपल्याकडच्या एखाद्या हौशी मंडळाने हे करायचे ठरवले तर सभागृहाच्या भाड्यासाठी तिकीट वाढवू नये. शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली, युनियनचे कार्यालय यांपैकी काहीही पुरेल. पन्नास खुर्च्या, एक लांब टेबल आणि एक जुना हीटर एवढे सामान लागते, आणि हीटर नसला तरी चालेल.